शालन, तुझी घडीची कार्बाइन मी घेतली

अगं शालन, ये इकडे. दारात पाहुण्यासारखी उभी राहू नकोस, बस माझ्या शेजारी. आणि हसू नकोस, मला तुझ्यावर रागवायचंय. नऊ वर्षं एकाच गोष्टीवरून माझ्याशी भांडलीस आणि निकाल लागायच्या आत उठून गेलीस. असं कुणी करतं का? ताटावरून उठली असतीस तर हात धरून खाली बसवलं असतं तुला. इथे मला हात धरायलाही मिळाला नाही. नर्सबाई म्हणाली, बाहेर थांबा, आणि मी मुकाट्याने बाहेर थांबले. मी! मुकाट्याने!

तुला जाऊन सहा आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी फोन आला, "काकू, तुमच्या जाऊबाईंवर लिहून द्या ना काहीतरी. किती मायाळू होत्या, किती सुगरण होत्या." मायाळू होतीस, कबूल. पण सुगरण? तुझे अनारसे तुपात विरघळून जायचे आणि कढई घासायला मी असायचे. तेव्हा ते राहू दे. मी लिहिणार आहे तुझ्या बंदुकीबद्दल. ज्याला आवडणार नाही त्याने पान उलटावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, तू नुसती ऐक. आम्ही दोघी सख्ख्या जावा, मी थोरली, ही धाकटी. दोघे भाऊ पुण्याहून यंत्रांच्या कामासाठी इकडे जर्मनीत आले आणि कायझर्सलाउटर्नच्या बाहेर, जंगलाला लागून असलेल्या या गावात त्यांनी मिळून घर घेतलं. वर तू, खाली मी. दोघे भाऊ गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा मुलगा कार्ल्सरूहेला, तुझी रेवा डार्मश्टाटला. घरात उरलो आपण दोघी, आणि तळघरात एक लोखंडी तिजोरी. लोकांना वाटायचं तिच्यात दागिने असतील. तिच्यात होती माझी लांब रायफल आणि तुझी ती घडीची कार्बाइन, दस्ता दुमडून ठेवता येणारी, आखूड नळीची, छोट्या गोळीची.

आता हे वेड घरात आणलं कुणी? तू. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवलेली तू. गावात शूट्सनफेराइन आहे, म्हणजे नेमबाजांचा क्लब, दर गावात असतो तसा. भाऊजी गेल्यावर सहा महिने तू वरच्या खोलीतून खाली उतरत नव्हतीस, आणि एक दिवस उतरलीस ती चप्पल घालून, थेट. "चला जाऊबाई, मला एकटीला लाज वाटते." मी गेले सोबतीला. तिथले प्रमुख, फोग्ट नावाचे गृहस्थ, तुला बंदूक कशी धरायची ते सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं समजावत होते. तू सगळं ऐकून घेतलंस, "डांके" म्हणालीस, पालथी पडलीस आणि पाच गोळ्या एका बटणाएवढ्या जागेत घातल्यास. फोग्टनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही?"

मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. जर्मन मी वर्गात बसून शिकले नाही, त्या क्लबच्या कॅन्टीनमध्ये शिकले. म्हणून माझ्या जर्मनमध्ये शिव्या आधी आल्या आणि क्रियापदं नंतर. आपलं आडनाव एकच, तेव्हा फोग्टनी आपल्याला फ्राऊ आइन्स आणि फ्राऊ ट्स्वाय करून टाकलं, एक नंबर आणि दोन नंबर. दोन नंबरवरून तू आठवडाभर रुसली होतीस. "नेम माझा चांगला आणि नंबर यांचा पहिला!"

आणि मंडळातल्या त्या बाई आठवतात? गणपतीत आरती झाल्यावर मला म्हणाल्या, "काकू, या वयात बंदूक बरी दिसते का? देवाचं काहीतरी करावं." मी उत्तर शोधत होते तेवढ्यात तू मागून म्हणालीस, "देवाच्या हातात काय काय आहे ते मखरात बघा की एकदा." बाईंनी खरंच वळून बघितलं. परशू होता, अंकुश होता. मोदक एका हातात.

आता मूळ भांडणावर येते.

तेव्हा तुझ्याकडेही माझ्यासारखीच लांब रायफल होती आणि आपण माझ्या गाडीतून जायचो. त्या शनिवारी मला ताप होता, तू म्हणालीस, बसने जाते. लांब पेटी, कुलूप लावलेली. गोळ्या वेगळ्या, सगळे कागद पर्समध्ये. अंगात सलवार-कमीज, वर जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी. स्टॉपवरच्या कुणीतरी फोन केला आणि पोलिसांची गाडी आली. दोन तरुण पोलीस, बोलायला अगदी नम्र, हे तूच सांगितलंस. बस थांबलेली, आतले सगळे खिडकीला नाक लावून बघतायत, आणि तू त्या थंडीत एकेक कागद काढून दाखवतेयस. "आलेस इन ओर्डनुंग," म्हणाले, सगळं ठीक आहे, आणि गेले. तोवर बसही गेली. तू पेटी उचलून चालत घरी आलीस, माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसलीस आणि केलेला चहा घेतला नाहीस.

पुढच्या महिन्यात ती रायफल विकून टाकलीस आणि ही कार्बाइन आणलीस. दस्त्याची घडी घातली की निळ्या टेनिसच्या बॅगेत आरामात मावते. मला दाखवायला टेबलावर ठेवलीस, दस्ता उघडलास, टक् आवाज आला, मिटलास, पुन्हा टक्. चेहरा असा खुललेला, आणि मी काय बोलले?

"घाबरलीस."

एवढंच. तू माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "वजन तर बघा, जाऊबाई."

तिथून सुरू झालं. आठवतं ना सगळं? की तिकडे गेल्यावर विसरायला लावतात?

"पावणेतीन किलो," तू म्हणायचीस. "तुमचं धूड साडेपाच किलोचं."

"धूड आहे म्हणून हातात स्थिर राहतं. तुझी हलकी. श्वास घेतला की नळी नाचते."

"मग श्वास घेऊ नका."

मी म्हणायचे, अगं, नळी आखूड म्हणजे नेम धरायचं पुढचं टोक आणि मागची खाच जवळजवळ आली. इथे केसाएवढी चूक झाली तर पन्नास मीटरवर ती बोटाएवढी होते. तू म्हणायचीस, चूक माझी आहे, मी कमी करीन, बंदुकीला कशाला बोल लावू? मी म्हणायचे, दस्ता म्हणजे नुसती लोखंडी कांब, जानेवारीत गाल टेकवला की गारठतो. त्यावर तू काय केलंस? विणलंस. दस्त्याला लोकरीचं टोपडं विणलंस, लाल-पांढरं, बाळंतविडा असल्यासारखं! क्लबातल्या म्हाताऱ्यांनी आधी हसून घेतलं आणि मग दोघांनी हळूच येऊन विचारलं, आम्हालाही विणून द्याल का.

बिजागरीवर मात्र मी हटले नाही. जिथे बिजागरी आली तिथे आज ना उद्या ढिलाई आली. माझा अखंड अक्रोडाचा दस्ता, नळीपासून खांद्यापर्यंत एक. तुझी मधूनच मोडती. "बिजागरी तुमच्या गुडघ्यातही आहे," तू म्हणालीस, "चालायचं थांबलात का?"

बाई गं, तुझ्या तोंडाला कोण लागणार!

एकदा आपण फोग्टना पंच नेमलं. कॅन्टीनमध्ये दोघी दोन बाजूंनी बसलो आणि म्हटलं, द्या निकाल. त्यांनी मिशी चाचपली आणि म्हणाले, "आल्झो... एस कोम्ट द्राउफ आन." म्हणजे, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. या देशात कुणालाही काहीही विचारा, आधी हेच येतं. जागा कमी लागते, नेता-आणता येते, खांदा दुखत असेल तर हलकी बरी. पण निव्वळ नेमाचं विचाराल तर लांब नळी आणि अखंड दस्ता. तू टाळी वाजवलीस, मीही टाळी वाजवली, आणि ते बिचारे बिअर अर्धी टाकून पळाले.

आणि खंडेनवमी! ती लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, मंडळाने कितीही कापाकापी केली तरी.

शस्त्रं आणि हत्यारं पुजायची ही आपल्या सासरची रीत. मामंजी पाने, पक्कड, विळी, कोयता सगळं पाटावर मांडायचे. इथे तळघरात पाट मांडून आपण बंदुका पुजायचो, रिकाम्या, तपासलेल्या. झेंडू फुलवाल्याकडून, अक्षता माझ्या डब्यातल्या. मी माझ्या दस्त्याला शहाण्यासारखं एक बोट कुंकू लावलं. तू? तू ओलं कुंकू नेमकं बिजागरीवर लावलंस. "इथेच तर तिचा जीव आहे."

तिसऱ्या दिवशी दारात आम्टचा, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीचा माणूस. शस्त्रं नीट ठेवली आहेत का हे बघायला ते न सांगता येतात, तसा आला. तिजोरी उघडली तर आत तांदूळ, झेंडूची पाकळी आणि तुझ्या कार्बाइनवर लाल डाग. त्याने वाकून बघितलं.

"इस्ट दास रोस्ट?" गंज आहे का हा?

"नाइन," तू म्हणालीस, म्हणजे नाही. "कुंकू."

त्याने वही काढली. "कसं लिहायचं ते?"

आणि तू त्याला एकेक अक्षर सांगितलंस! मी मागे उभी राहून मनात म्हणतेय, गेला परवाना, आता दोघींनी विणकाम करायचं. त्याने विचारलं, हे कशासाठी? तू म्हणालीस, "ज्या वस्तूने इजा होऊ शकते तिला वर्षातून एकदा नमस्कार करायचा. मग उरलेलं वर्ष माणूस तिच्याशी मस्ती करत नाही." तो म्हणाला, आमच्या माहितीपत्रकापेक्षा हे बरं आहे. सही केली, एक लाडू खाल्ला आणि गेला.

पण कुंकू गेलं नाही. तेलात कालवून बिजागरीत घट्ट बसलं. रविवारी क्लबची शरदातली स्पर्धा, तुझा नंबर पुकारला, तू दस्ता उघडायला गेलीस आणि तो अर्ध्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी इतकी हसले की मलाच बाकावर बसवावं लागलं. फोग्ट दात घासायच्या ब्रशने अर्धा तास ती बिजागरी साफ करत होते, आणि दोन दिवस त्यांची बोटं लाल होती. घरी बायकोला काय सांगितलं देव जाणे. मी म्हटलं, बघ, अखंड दस्त्याला कुंकू लाव, हळद लाव, काही होत नाही. तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी कोरडं लावीन."

मग गेलं वर्ष आलं. तू वाळत गेलीस. पावणेतीन किलोही जड व्हायला लागले, तेव्हा तू बसून, बंदूक टेकणीवर ठेवून मारायला लागलीस, म्हाताऱ्यांच्या गटात. चिडायचीस त्या गटावर. मारायचीस मात्र तशीच, बटणाएवढ्या जागेत. आणि नंतर तेही थांबलं.

दवाखान्यात शेवटच्या बुधवारी तू म्हणालीस, "जाऊबाई, एकदा खांद्याला लावून तर बघा माझी. नऊ वर्षं न लावताच बोलताय."

मी म्हटलं, "तू घरी ये. तुझ्यासमोर लावीन. तुझ्यामागे नाही."

मला वाटलं, अट घातली की तुला यावंच लागेल. एवढा माझा हिशेब. तू डोळे मिटून हसलीस. आणि तो जो एक शब्द मी नऊ वर्षांपूर्वी बोलले होते, तो परत घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात जेवणाचा ट्रॉलीवाला आला आणि सूप गार होईल म्हणून आपण सूपच प्यायलो.

तुझ्यानंतर आम्टचं पत्र आलं. वारसाने ठरवायचं, शस्त्र परवाना असलेल्या कुणाला द्यायचं की नष्ट करायला जमा करायचं. वारस रेवा. डार्मश्टाटहून आली, औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते ना, तशीच सगळे कागद रंगीत फायलींमध्ये लावून आली. मी वरणभात वाढला. ती म्हणाली, "काकू, इष विल, दास एस वेक इस्ट." म्हणजे, ती बंदूक मला जायला हवी आहे. शुक्रवारची वेळ घेतली होती तिने. जमा करायची, ते वितळवून टाकणार.

"मी घेते ना," मी म्हटलं. "माझं परवान्याचं कार्ड आहे, क्लब आहे, तिजोरी आहे. तू एक सही कर."

"तू?" आता मात्र मराठीत आली. "तुला ती कधीच आवडली नाही."

"अजूनही आवडत नाही."

"मग?"

"मग काय? जे आवडत नाही ते सगळं भट्टीत घालायचं म्हटलं असतं, तर तुझ्या काकाशी मी चाळीस वर्षं संसार केला नसता."

हसली पोर. आणि हसता हसता रडायला लागली. तिने सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. त्या बसस्टॉपच्या प्रकारानंतर तिने तुला फोन केला होता. म्हणाली होती, आई, इतकं सगळ्यांना दिसेल असं घेऊन फिरायलाच हवं का? लोकांना काय वाटतं ते बघ ना जरा. आणि पुढच्याच महिन्यात तू घडीची घेतलीस. "माझ्यामुळे ती लहान होऊन फिरली, काकू. नऊ वर्षं. मला ती बॅग बघवत नाही."

मलाही नऊ वर्षं हेच वाटत होतं, फक्त मी त्याला आणखी वाईट शब्द वापरला होता. मी भात कालवत बसले. माझ्या मुलाचाही त्याच दिवशी फोन, "आई, आता पुरे झालं. तुझीही देऊन टाक बरोबरच." म्हटलं, तुला काय द्यायचंय ते तू दे. ठेवला फोन. पण शालन, त्या दिवशी माझ्या आवाजात जोर नव्हता, तुला म्हणून सांगते.

बुधवारी मी क्लबमधलं तुझं कपाट रिकामं करायला निघाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने महिनाभर गाडी बंद केलेली, म्हणून बसने. ती कार्बाइन घेतल्यापासून तू माझ्या गाडीत बसणं सोडलं होतंस, "मी बसने जाते" म्हणायचीस, आणि मी समजले, त्या एका शब्दावरून रुसलीस. मी कधी विचारलं नाही. आता तुझ्या बसमध्ये मी पहिल्यांदाच चढत होते. ड्रायव्हर बाई, आडव्या खांद्यांची, केस आखूड, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या त्या दुसऱ्या बाई? शनिवारच्या? दिसल्या नाहीत बरेच दिवस."

मी सांगितलं. तिने एक मिनिट बस सुरूच केली नाही. मग म्हणाली, "त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे काहीच नव्हतं. फक्त टेप होती, शिवणाची. त्यांनी सीट मोजली."

"काय मोजली?"

"सीट. आणि पुढच्या सीटमधली जागा. मी विचारलं, काय करताय? म्हणाल्या, मागच्या वेळी माझी पेटी इतकी लांब होती की ती आडवी ठेवली असती तर बाबागाड्यांच्या वाटेत आली असती. आता या सीटवर मांडीवर मावेल अशी घेणार आहे. मी म्हटलं, काय घेणार आहात? म्हणाल्या, गेवेअर. बंदूक."

अगं शालन!

मी तिथेच पुढच्या सीटवर बसले. ती सांगत होती. त्याच स्टॉपवरून, त्याच बसने, दर शनिवारी. सुरुवातीला लोक बॅगेकडे बघून हसून विचारायचे, टेनिस? आणि तू म्हणायचीस, "नाइन, गेवेअर," आणि कुलूप दाखवायचीस, आणि कागद हवे असतील तर आहेत म्हणायचीस. एकदा एकजण उठून मागे जाऊन बसला, तर तू त्याला हाक मारून म्हणालीस, तिकडे हीटर चालत नाही, इकडेच या. आणि तो आला! नंतर नंतर म्हणे मागची एक आजीबाई तुझ्यासाठी सीट धरून ठेवायची आणि मागच्या शनिवारी दहा गुणांच्या किती गोळ्या पडल्या ते विचारायची.

म्हणजे तू लपवलंच नव्हतंस. बसच्या मापाची बंदूक घेतलीस, कारण तुला त्याच बसमध्ये बसायचं होतं. आणि मी नऊ वर्षं नळीची लांबी आणि दस्त्याची कांब घेऊन बसले. आणि तू का नाही सांगितलंस गं? एकदा तरी? "वजन बघा" म्हणे! मी चुकले हे तुला ठाऊक होतं, आणि तू मला चुकू दिलंस, स्वतःची मजा म्हणून. याचा राग मी सोडणार नाही, सांगून ठेवते.

क्लबपर्यंत गेलेच नाही. पुढच्या स्टॉपवर उतरले आणि तिथूनच, थंडीत उभी राहून, रेवाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून हळूच, "मिट डेम मासबांड?"

"हो. टेपने. शिवणाच्या."

"काकू, आई नक्की असं म्हणाली? बाबागाड्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून?"

"तुझी शप्पथ."

आणि ती जे हसायला लागली ना शालन, अगदी तुझ्यासारखं, घशातून, थांबताच येत नाही असं. मी स्टॉपवर एकटी उभी राहून तिच्याबरोबर हसतेय आणि डोळे वाहतायत. एक मनुष्य विचारून गेला, सगळं ठीक आहे ना? म्हटलं, आलेस इन ओर्डनुंग.

शुक्रवारी आम्टमध्ये रेवाने सही केली. जमा करण्याच्या कागदावर नव्हे, माझ्या नावावर. टेबलापलीकडच्या बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, शस्त्राची अवस्था कशी आहे?

मी म्हटलं, "बिजागरी ढिली आहे."

रेवा ताडकन म्हणाली, "नाही आहे!"

बाई आमच्या दोघींकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं, वरच्या मजल्यावर पुन्हा कुणीतरी आलं.

परवाच्या रविवारी मी ती खांद्याला लावली. तुझ्यामागे. अट मोडली मी, माझीच होती, मला मोडायचा हक्क आहे. आता जे खरं ते सांगते, कमी नाही, जास्त नाही. हलकी आहे, आणि हलकेपणाने नाचते, मी म्हणायचे तशीच. आवाज माझ्या रायफलपेक्षा मोठा. माझ्या पहिल्या पाच गोळ्या ताटलीएवढ्या जागेत पसरल्या, बटण कुठलं! पण माझा उजवा खांदा, जो साडेपाच किलो उचलून दर शनिवारी रात्रभर ठणकायचा आणि मी तुला सांगत नव्हते, तो ठणकला नाही. हे मी नऊ वर्षं कबूल केलं नसतं. बिजागरी, शालन, किंचितही हलत नाही. मी हाताने हलवून बघितली, फोग्टना हलवायला लावली. घट्ट आहे. घे.

आणि तो शब्द. तो मी मागे घेतला. क्लबच्या कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, जर्मनमध्ये, चुकीच्या क्रियापदांसकट मी सांगितलं की माझी धाकटी जाऊ भित्री नव्हती, मी तिला तसं म्हटलं, आणि मी मूर्ख होते. कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांनी ग्लास उंच केले. तुला ऐकू गेलं असेल तर पुरे.

पण याचा अर्थ तू जिंकलीस असा नाही हं. फोग्ट माझ्याजवळ येऊन बसले आणि समजुतीने म्हणाले, "फ्राऊ आइन्स, तुमच्यासाठी अखंड दस्ताच बरा. ही विकून टाका." आणि बाई, माझं डोकंच फिरलं. मी पंधरा मिनिटं त्यांना सुनावलं. वजन सांगितलं, खांदा सांगितला, तिजोरीतली जागा सांगितली, गुडघ्यातली बिजागरी सांगितली. अगदी तुझे शब्द, तुझा सूर, हातही तुझ्यासारखा टेबलावर आपटत. ते हरले. आणि मी जिंकून एकटी बसले आणि लक्षात आलं, की अखंड अक्रोडाच्या दस्त्याच्या बाजूने बोलायला आता कुणीच उरलं नाही.

रेवा तुझ्या बाजूची. मी, नाइलाजाने, तुझ्या बाजूची. माझी बाजू रिकामी पडलीय गं, आणि ती खोटी नव्हती, तुलाही ठाऊक आहे. तेव्हा एकदा ये. स्वप्नात ये, दुपारच्या डुलकीत ये, जशी जमेल तशी. चहा ठेवते, आणि या वेळी तो घ्यावा लागेल. या खेपेला माझ्याकडून तू भांड, मी तुझ्याकडून भांडते.

लवकर ये.